ओळखलं तर हात वर

डिसेंबरात बदलापूरच्या आमच्या मांजर्लीत एक सकाळ अशी उगवते, की नदी दिसत नाही. एरवी गॅलरीत उभं राहिलं की झाडांच्या फटीतून उल्हास नदीचा एक तुकडा दिसतो. मळकट, संथ, पावसाळ्यात आम्हाला रात्रभर जागं ठेवणाऱ्या त्याच नदीचा. त्या सकाळी तिच्यावरून धुकं उठतं आणि सोसायटीच्या कुंपणाशी येऊन थांबतं. दूधवाल्याच्या मोटरसायकलचा आधी आवाज येतो, मग दिवा, मग माणूस. खाली कोणीतरी सुकी पानं पेटवतं. मोरिवलीच्या कारखान्यांचा तो औषधासारखा, किंचित गोडसर वास थंडीत वर जात नाही. जमिनीलगत सरपटत थेट इथवर येतो. ही सकाळ परवा आली. आणि दरवर्षीप्रमाणे तिच्यामागोमाग लछूदादांचा फोन आला.

“साईं, थंडी पडली. खुर्ची पुसून ठेवलीय.”

बघतो, म्हणालो. फोन ठेवून पुन्हा गॅलरीत आलो. गेल्या हिवाळ्यातही हाच फोन आला होता आणि मी इथेच उभा होतो. तेव्हा धुकं होतं का, हे मला आठवत नाही. असणारच. डोळे उघडे होते, पण त्यांच्यामागे कोणी बसलेलं नव्हतं.

लछूदादा सिंधी, समोरच्या प्रत्येकाला ‘साईं’ म्हणणारे; त्यांचं उल्हासनगरात फर्निचरचं दुकान आहे. दुकान आता मुलगे बघतात. दादा गल्ल्याशेजारच्या आरामखुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना चहा पाजतात. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी नातीसाठी एक पियानो घेतला, विजेवर चालणारा, पण पट्ट्या अस्सल पियानोएवढ्या, पूर्ण. नात लग्न होऊन परदेशी गेली, पियानो राहिला. दादांनी तो विकायचा प्रयत्न केला. “उल्हासनगरात सगळं विकलं जातं,” ते सांगतात, “न शिवलेली पँट पण विकली जाते. हा एक विकला नाही गेला.” मग त्यांच्या डोक्यात आलं की करंडक फिरता असतो, तर पियानो का नको? लहान मुलांची पियानोवादनाची स्पर्धा घ्यायची. जो पहिला येईल त्याच्या घरी हा पियानो वर्षभर राहील. पुढच्या थंडीत टेम्पोतून परत सभागृहात येईल आणि त्याच्यावरच पुढची स्पर्धा होईल. तसा तो फिरत आला आहे. अंबरनाथच्या चाळीत राहिला, उल्हासनगरच्या कॅम्पातल्या एका मिठाईवाल्याच्या माळ्यावर राहिला. एका वर्षी आमच्याच मांजर्लीत होता, तेव्हा पूर आला आणि त्या घरातल्या चौघांनी आधी पियानो जिन्यावरून वर चढवला, मग गॅसची शेगडी, मग आजोबांना. आजोबा अजून हे सांगून सुनेला बोलतात.

पहिल्या वर्षी परीक्षकांवरून भांडण झालं. कोणी म्हणालं मिठाईवाल्याने परीक्षकांना डबे पाठवले, कोणी म्हणालं परीक्षकबाईंची भाचीच वाजवत होती. दुसऱ्या वर्षापासून दादांनी तीन खुर्च्या उलट्या फिरवल्या. परीक्षक व्यासपीठाकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसतात. मुलांना नावं नाहीत, क्रमांक. तरीही एखाद्याने वादनावरून मूल ओळखलं, तर त्याने हात वर करायचा. मग त्या मुलाला त्याने दिलेले गुण धरायचे नाहीत, उरलेल्या दोघांच्या सरासरीवर काम चालवायचं. प्रेक्षकांना काही विचारायचं नाही, कारण प्रेक्षक म्हणजे आईबाप. आणि तिसरी खुर्ची संगीत न कळणाऱ्या माणसाची. दोघांनी वाजवणं पारखायचं, तिसऱ्याने फक्त मनाला किती लागलं तेवढं सांगायचं. त्या खुर्चीत मी बसत आलो. मी अंबरनाथच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो आणि मला सा आणि रे यांतला फरक सांगता येत नाही, ही माझी पात्रता.

पहिल्या खुर्चीत माझी बायको बसायची. शैला.

भिंतीकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलेल्या नवरा-बायकोला काही तास एकमेकांकडे बघण्याखेरीज दुसरं दृश्य नसतं. मी भिंतीवरचे ओलीचे डाग बघायचो आणि मग तिच्याकडे बघायचो. ती डोळे मिटून ऐकायची. एखादं मूल चुकलं की तिची भुवई उडायची, फार चुकलं की ती साडीचा पदर बोटाला गुंडाळायची. तिच्या पलीकडच्या खुर्चीतल्या ग्लोरिया टीचर, शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, त्या मात्र पुतळ्यासारख्या. मधल्या सुट्टीत दादांच्या घरून डाळ-पकवान यायचं. शैला कुरकुरीत पकवानाचा पहिला तुकडा मोडताना दरवर्षी म्हणायची, की एवढा आवाज करणारा पदार्थ परीक्षकांना देऊ नये. दादा दरवर्षी हसायचे. या गोष्टी एवढ्या किरकोळ आहेत, की त्या कधी संपतील असं वाटलं नव्हतं.

शैलाचा बदलापुरात क्लास होता. तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेऊन तिने जुना पियानो ठेवला होता; तो एका पुरात फुगला, त्याच्या पट्ट्या सुजलेल्या बोटांसारख्या झाल्या आणि मग भंगारवाल्यानेही नाक मुरडलं. त्यानंतर ती घरीच शिकवायची, दुसऱ्या मजल्यावर, एका लहान कीबोर्डवर. आणि परीक्षकाच्या विद्यार्थ्यांना स्पर्धेत भाग घेता येत नाही, हा दादांचा आणखी एक नियम. त्यामुळे इतकी वर्षं शैलाचं एकही मूल त्या पियानोवर बसलं नाही. तिला त्याचं काही वाटत नसे. मुलं चार दिवस यायची, शाळेच्या स्नेहसंमेलनापुरतं एखादं गाणं शिकायची, जायची.

मग अस्मिता आली. जवळच्या चामटोली गावची. वडील मोरिवलीच्या कारखान्यात पाळीवर, आई अंगणवाडीत मदतनीस, घरची थोडी भातशेती. पोरगी अबोल, हात रुंद, नखं कापलेली. शैलाने एका संध्याकाळी, मी वाचत असताना, पुस्तकावर हात ठेवला आणि सांगितलं की पुढच्या थंडीत ती खुर्ची सोडणार आहे. अस्मिताला पंधरावं लागेल, स्पर्धेची ती शेवटची संधी, आणि त्या मुलीच्या घरी वर्षभर खरा, पूर्ण पट्ट्यांचा पियानो राहिला तर काय होईल ते तिला बघायचं होतं. “अहो, मला बघायचंच आहे,” असं म्हणाली ती. मी विचारलं, ती नाही जिंकली तर? शैला म्हणाली, मग निदान खरोखरची हरली असं तरी होईल.

शैलाला खुर्ची सोडावी लागली नाही. पावसाळ्यात ताप आला, साधा ताप, आणि साध्या तापाची माणसं जशी दवाखान्यात चालत जातात तशी ती चालत गेली. परत आली ती चालत आली नाही.

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल मला लिहिता येत नाही, कारण त्यांत काही घडलं नाही. लोक आले, मी त्यांना पाणी दिलं. कोणी रडलं तर मी रुमाल कुठे आहे ते सांगितलं. शोकाविषयी मी बरीच पुस्तकं वाचली होती, आयुष्यभर हातातून गेली ती. त्यांत सगळीकडे काहीतरी तुटतं, फुटतं, कोसळतं. माझं काही कोसळलं नाही. सकाळी उठून मी चहा करायचो, तो पूर्ण प्यायचो आणि कप विसळताना लक्षात यायचं की त्यात साखर घातली नव्हती. ते कळल्यावरही पुढच्या दिवशी काही बदलायचं नाही. आपल्या घरात कोणीतरी हळू आवाजात टीव्ही लावून ठेवावा आणि तो कोणत्या खोलीत आहे ते सापडू नये, असं ते होतं.

इतर मुलं यायची थांबली. अस्मिता थांबली नाही. दर शनिवारी ती चामटोलीहून यायची, चपला दाराबाहेर भिंतीला समांतर ठेवायची, मला “काका, येऊ?” विचारायची आणि उत्तराची वाट न बघता आत जाऊन कीबोर्डवरची चादर काढायची. शिकवायला कोणी नव्हतं. शैलाने जिथवर शिकवलं होतं तिथून ती एकटीच पुढे जात होती. खालच्या मजल्यावरचे जाधव रात्रपाळी करून दिवसा झोपतात, म्हणून शैलाने घरात कानाला हेडफोन लावूनच वाजवायची शिस्त घातली होती. शैलाही तशीच वाजवायची. त्यामुळे मला आमच्या घरात संगीत कधी ऐकू आलं नाही. ऐकू यायची ती फक्त प्लास्टिकच्या पट्ट्यांची टकटक. आणि कीबोर्ड अपुरा होता. ती जी रचना बसवत होती, त्यात दोन्ही हात कीबोर्डच्या बाहेर जायचे. तिथे पट्ट्याच नव्हत्या, टेबल होतं. शैलाने तिला सांगून ठेवलं होतं की पट्टी नसली तरी बोट तिथे गेलंच पाहिजे. म्हणून टकटक, टकटक, आणि मग लाकडावर ठक. तो स्वर तिने स्वतःही कधी ऐकलेला नव्हता. मी गॅलरीत पुस्तक घेऊन बसायचो. पान उलटायचो नाही. पण ती टकटक मात्र माझ्यात जात होती. भिंतीत ओल जाते तशी, भिंतीला न विचारता.

भातं कापून झाल्यावर तिच्या घरच्यांनी शेतात वाल टाकले होते. जमिनीतल्या ओलीवर आणि रात्रीच्या दवावर वाढणारं ते पीक. त्याला वेगळं पाणी लागत नाही. पुढे शेंगा आल्या की तिची आई पिशवीभर पाठवायची. मी त्या फ्रिजमध्ये ठेवायचो आणि सोलायच्या विसरायचो.

गेल्या डिसेंबरात दादा स्वतः आले होते, फोननंतर. जिना चढून दमले, पाणी प्यायले, शैलाच्या फोटोकडे बघून हात जोडले. पहिल्या खुर्चीत त्यांनी नीरज नावाचा तरुण शिक्षक आणला होता, स्टेशनच्या पूर्वेला शिकवणारा. माझी खुर्ची माझीच, म्हणाले. मी त्यांना खरं ते सांगितलं. मनाला किती लागलं ते सांगायचं काम माझं, आणि सध्या मला काहीच लागत नाही. काटाही टोचला तर आधी रक्त दिसतं, मग समजतं.

दादांनी ग्लासातलं उरलेलं पाणी संपवलं. मग म्हणाले, “साईं, तराजूला कुठे काय वाटतं? तरी वजन होतं ना.”

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली, की शैलाची एक विद्यार्थिनी यंदा बसणार आहे, आमच्या घरी सराव करते, मी तिला ओळखतो. दादा म्हणाले, चेहऱ्याने ओळखता. वाजवणं ऐकलंय कधी? मी म्हणालो, नाही, एकदाही नाही. आणि ते अक्षरशः खरं होतं. “मग बसा,” ते म्हणाले. “ओळखलं तर हात वर. हात आहे ना अजून?”

स्पर्धेच्या सकाळी उल्हासनगरात थंडी होती. रिक्षातून उतरलो तेव्हा गल्लीत शिलाईच्या कारखान्यांची दारं उघडत होती, निळ्या पँटच्या थप्प्या हातगाड्यांवर चढत होत्या. सभागृहातले पंखे बंद होते. तीन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून मांडलेल्या, आणि आमच्या समोरच्या खिडकीतून येणारा उजेड एवढा स्वच्छ, की दिव्यांची गरज नव्हती. मी बसलो. माझ्या आणि पहिल्या खुर्चीच्या मध्ये ग्लोरिया टीचर आल्या. त्या वर्षी खुर्च्या कोणीतरी वेगळ्या लावल्या होत्या. मला ते बरं वाटलं की नाही, हेही मला सांगता येणार नाही.

मुलं वाजवू लागली. पहिला, दुसरा, तिसरा. एखादं मूल धावत सुटायचं, एखादं दार लोटावं तसं पट्ट्या लोटायचं. मी प्रत्येकापुढे मधला आकडा लिहीत गेलो. ना कमी, ना जास्त. चौथ्या क्रमांकाचा मुलगा, बहुधा मुलगा, इतका सुंदर वाजवून गेला की नीरजने श्वास सोडला तो मला ऐकू आला. मला कळत होतं की हे सुंदर आहे. जसं परक्या गावच्या पाटीवरचं नाव वाचता येतं तसं. मी मधला आकडा लिहिला, मग खोडून थोडा वाढवला, नीरजच्या श्वासासाठी.

सातव्या क्रमांकाची रचना संथ सुरू झाली. बराच वेळ ती तशीच चालली. आणि मग एकदम थांबली.

सभागृह चिडीचूप. दादांचा नियम असा, की ज्याचे आईबाप कुजबुजतील ते मूल बाद. त्यामुळे मागे काय झालं ते आम्हा तिघांना कळेना. वीज गेली होती. पंखे बंदच होते, उजेड खिडकीतून येत होता, आमच्यासाठी काहीच बदललं नव्हतं. फक्त पियानोचा आवाज नव्हता. ग्लोरिया टीचर समोरच्या भिंतीकडे बघत थांबल्या. नीरजने पेन टेकवलं. मागून काहीतरी वाजत होतं. घाबरलेलं मूल बोटं आपटतं तसं, हलकं, कोरडं.

टकटक, टकटक.

ते मी ऐकत होतो. ऐकत होतो म्हणण्यापेक्षा, ते माझ्याकडे येत होतं. कुठे सावकाश होणार, कुठे दोन्ही हात एकमेकांजवळ येणार, कुठे डावा हात दूर जाणार, हे मला आधीच ठाऊक होतं. तिथे आमच्या घरी लाकूड वाजतं. इथे लाकूड वाजलं नाही. त्या जागी इथे पट्टी होती, मुकी, पण होती. मला त्या संपूर्ण रचनेतला तेवढाच भाग येत होता, जो त्या सभागृहात कोणालाच ऐकू आला नव्हता.

मग वीज आली. पियानोचं बटण दाबलेलंच असतं. तो थोडा वेळ घेऊन आपोआप जागा झाला, आणि आवाज वाक्याच्या मधूनच सुरू झाला, पुढच्या कुठल्यातरी जागी, जणू तो इतका वेळ शेजारच्या खोलीत चाललाच होता आणि कोणी मधलं दार उघडलं. रचना संपली. पावलं गेली. माझ्या पेन्सिलीने सातव्या क्रमांकापुढे पूर्ण गुण लिहिले होते.

मुलं संपल्यावर आम्ही तिघं मागच्या लहान खोलीत बसलो. दादांनी येऊन सांगितलं की मध्ये लाइट गेली होती. ग्लोरिया टीचर म्हणाल्या की नियम सकाळी सगळ्या मुलांना सांगितला होता: वीज गेली तर हात मांडीवर ठेवायचे, थांबायचं, आल्यावर पहिल्यापासून सुरू करायचं. सातवा क्रमांक थांबला नाही आणि त्याने पहिल्यापासूनही सुरू केलं नाही. ते मूल गोंधळलं, पट्ट्या चाचपत बसलं, आणि वीज आल्यावर जे आठवलं तिथून पकडलं. मधला मोठा तुकडा त्याने गाळला. त्याचे गुण कापावे लागतील. नीरजला वाईट वाटत होतं. एवढं सुंदर वाजवणाऱ्या मुलाने तुकडा गाळावा, म्हणाला. त्यालाही टकटक ऐकू आली होती, त्याचाही अंदाज तोच होता. पुन्हा वाजवू द्यावं का? पण मूल नमस्कार करून उतरलं की संपलं, हाही नियमच.

आता मला त्या खोलीतलं माझं बसणं अगदी स्पष्ट दिसतं. समोर पकवानाचं ताट होतं. मी काही बोललो नसतो, तर माझे पूर्ण गुण कागदावर होते. टीचरनी कापलेले धरूनही ती कदाचित वर राहिली असती. हे मला तेव्हा नीट मोजता आलं नाही, पण अंदाज होता. ती गोंधळली नव्हती हे सांगायचं, तर ते मला कसं कळलं तेही सांगावं लागणार होतं. म्हणजे ओळखलं हे सांगावं लागणार होतं. आणि तो पूर्ण आकडा, जो मी लिहिला होता, तो मनाला काही लागलं म्हणून लिहिलेला नव्हता. तो ओळखीचा आकडा होता. नियम नेमका यासाठीच केलेला असतो.

एखाद्याला वाटेल की माझ्यात मोठं द्वंद्व चाललं असेल. नव्हतं. तेवढंही माझ्यात उरलेलं नव्हतं. माझ्या जागी शैला असती तर तिने काय केलं असतं, एवढंच मला ठाऊक होतं, आणि स्वतःचं काही नसलं की माणूस दुसऱ्याचं वापरतो. मी हात वर केला.

“सात नंबर मी ओळखला,” मी म्हणालो. “ती थांबली नाही. तिने काही गाळलं नाही. सगळं वाजवलं, ओळीने.”

ग्लोरिया टीचरनी विचारलं की हे मला कसं कळलं, मला तर काही कळत नाही. मी सांगितलं. हेडफोन, जाधवांची रात्रपाळी, अपुरा कीबोर्ड, शनिवार. सांगताना मला जाणवलं की शैला गेल्यापासून मी कोणाशी सलग इतकं बोललो नव्हतो. टीचरनी चष्मा काढून पुसला. मग आपल्या कागदावरचे कापलेले गुण त्यांनी परत दिले. “पण जे मला ऐकू आलं नाही त्याला मी गुण देणार नाही,” त्या म्हणाल्या. “सॉरी, सर. तेवढं मला जमणार नाही.” ते बरोबर होतं. माझ्या आकड्यावर नीरजने रेघ मारली. पियानो चौथ्या क्रमांकाच्या मुलाकडे गेला, अंबरनाथला. अस्मिता दुसरी आली, अगदी थोडक्यात.

परतताना आम्ही एकाच रिक्षात होतो: मी, अस्मिता, तिची आई. दादांनी सगळं व्यासपीठावरून सांगून टाकलं होतं, अभिमानाने, आमच्या स्पर्धेत परीक्षक कसे हात वर करतात ते. तिची आई स्टेशन येईपर्यंत बाहेर बघत होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “लोकं ओळख लावून कामं करून घेतात, सर. आमची एकच ओळख निघाली, ती आम्हालाच नडली. गप बसला असतात तरी चाललं असतं.”



अस्मिता म्हणाली, “आई, मग सगळे बोलले असते की मी विसरले म्हणून.”

“बोलू दे की. घरात पियानो आला असता.”

“विसरले नव्हते मी.”

“तुला ठाऊक होतं ना? बस की तेवढं.”

रिक्षा पुलावरून गेली. “नाही,” ती म्हणाली. “तेवढं बस नाही.”

पुढच्या शनिवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही. मी तिच्या आईला दोष देत नाही. तिने आपल्या मुलीसाठी जे मागितलं त्याहून साधं काही मागता येत नाही. आता मला वाटतं, प्रामाणिकपणाची किंमत सांगताना आपण तो करणाऱ्याचं नाव घेतो. भरली मात्र ती तिने, त्या मुलीने, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

संक्रांत झाली. थंडीतलं ऊन गॅलरीत लांबवर यायला लागलं. एका शनिवारी दुपारी मी दारातून आत येऊन पुन्हा दाराकडे गेलो, पुन्हा आत आलो, आणि मग जिन्यात पाय वाजला म्हणून उठलो. जाधव होते, कामावर निघालेले. मी त्यांना म्हणालो, “आज लवकर?” आणि माझ्या आवाजात त्यांच्याबद्दल राग होता. बिचारे जाधव. दार लावल्यावर मी तिथेच उभा राहिलो. जिन्यात अस्मिता नव्हती, ते होते, म्हणून मी रागावलो होतो. म्हणजे मी वाट पाहत होतो. पावसाळ्यापासून मी कशाचीही वाट पाहिली नव्हती. जी यायची होती ती येणार नव्हती आणि बाकी काही आलं काय न आलं काय. ही वाट एवढी लहान होती, की मला तिची जवळजवळ लाज वाटली. शैलासाठी न आलेलं काहीतरी एका शेजाऱ्यावरच्या रागाच्या रूपाने यावं. पण आलं ते असंच आलं.

फेब्रुवारीत अस्मिताची आईच तिला घेऊन आली. दारात चपला काढता काढता म्हणाली, “घरातली भांडी, कणगी, माझी पाठ, सगळं वाजवून काढलं पोरीने. तिच्या बापाला झोप नाही. बसवा हिला तुमच्या त्या बाजावर.” पिशवीत वालाच्या शेंगा होत्या. मी शेंगा घेतल्या. तिने माझ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. “मागच्या सोलल्या होत्या का?” मी खरं सांगितलं. “सांगून मोकळे होता तुम्ही,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली, आणि खाली बसून स्वतःच शेंगा सोलायला लागली.

वर्ष गेलं. मी बरा झालो असं मी लिहिणार नाही. चहात साखर असते आता, बहुतेकदा. कित्येक दिवस अजून कोरे जातात, आणि त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. अस्मिता दहावीला आहे, शनिवारी ट्यूशन संपवून येते, वयाने ती आता स्पर्धेच्या बाहेर गेली. पियानो अंबरनाथहून परत आला आहे, सभागृहात झाकून ठेवला आहे, असं दादांनी फोनवर सांगितलं.

काल ती आली तेव्हा मी दादांना पुन्हा फोन लावत होतो, यंदा बसतो म्हणून सांगायला. ती चादर हातात धरून दारात उभी राहिली आणि फोन संपेपर्यंत ऐकत होती.

“काका, तिसरीच खुर्ची ना?”

“तिसरीच.”

“यंदा हात वर करावा लागणार नाही मग.”

“नाही,” मी म्हणालो. “यंदा तिथे माझ्या ओळखीचं कोणी नाही.”

बोलून गेल्यावर ते वाक्य खोलीत थोडा वेळ राहिलं. तिलाही ते ऐकू आलं असावं. तिने चादरीची घडी घातली, ती खुर्चीच्या पाठीवर ठेवली आणि बसता बसता म्हणाली,

“मग नीट ऐका तरी.”